रुखवतातली पाखरं

आमच्या घोडेगावात कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं की मुहूर्तासाठी गुरुजींकडे जातात आणि रुखवतासाठी माझ्याकडे येतात. बढाई मारत नाही, पण खारकांची नवरी, काजूचं कमळ, डाळींचा मोर, सुपारीचा गणपती यांत माझा हात धरणारं आसपासच्या गावांत कुणी नाही. स्वभाव मात्र तापट. रुखवत चाललेलं असताना कुणी मधे येऊन "इथं हिरवा रंग बरा दिसला असता" असं म्हटलं की माझं डोकं फिरतं. आमचे हे तर म्हणतात, हिनं डिंकाची बाटली उघडली की मी आपला जनावरांच्या बाजारात जाऊन बसतो, तिथं जरा शांतता असते.

तर एवढी मी रुखवतवाली, आणि माझ्या सख्ख्या भाचीच्या लग्नात माझ्याच रुखवताची जी गत झाली ती सांगते.

माझी धाकटी बहीण संगमनेरजवळच्या एका गावात दिलेली. तिची ही एकुलती एक मुलगी. लग्न वैशाखात ठरलेलं, मुलगा नगरचा. मी चैत्रातच बहिणीकडे जाऊन तळ ठोकला. मी खारका-बदाम चिकटवत बसायची आणि ती समोर परात घेऊन गव्हले वळायची. घट्ट मळलेल्या रव्याचा चिमटीभर गोळा घ्यायचा, अंगठा आणि पहिल्या बोटात फिरवायचा आणि ताटात टाकायचा, एवढंच काम. पण तिचे गव्हले बघावेत! जिऱ्याएवढे बारीक, सगळे एका मापाचे. तोंडानं जगाच्या गप्पा चाललेल्या, नजर रस्त्यावर, आणि बोटांतून गव्हले पडताहेत. मी तिच्यापेक्षा मोठी, पण मला ते कधी जमलं नाही. माझे दोनच घटकांत तांदळाएवढे आणि मग शेंगदाण्याएवढे व्हायला लागतात.

आमच्या घराण्यात लग्न लागलं की नवरा-नवरीच्या तोंडात पहिला घास गव्हल्यांच्या खिरीचा पडतो. आणि ते गव्हले नवरीच्या आईनंच वळलेले लागतात. मावशीचे चालत नाहीत, आत्याचे चालत नाहीत, विकतचे तर नावच काढू नका. म्हणून ते गव्हले रुखवतातल्या एका सजवलेल्या टोपलीत ठेवायचे आणि मांडवातून खिरीसाठी काढून न्यायचे.

दुसरा नेम आमच्या आईचा. रुखवत बांधून गाठीवर हळदकुंकू लावलं की ती गाठ मांडवातच सुटायची. मधे कुणी सोडायची नाही. मी त्या नेमाची एवढी पक्की की सगळ्या वस्तूंना चमकीचा कागद गुंडाळून, खोक्यांना लाल कापड बांधून, हळदकुंकू लावून मी घरातल्या एकेकाला दम दिला, "कुणी हात लावलात तर माझ्याशी गाठ हाय." खोकी मधल्या खोलीतल्या माळ्यावर चढली.

आणि लग्नाच्या तोंडावर मुलाचे आजोबा गेले. सुतक संपेपर्यंत तिथी संपत आल्या, घरही दुःखात होतं, मग सगळ्यांनी ठरवलं की आता तुळशीचं लग्न झाल्यावरच बघू. रुखवत माळ्यावर तसंच राहिलं.

आषाढात बहिणीला लकवा मारला. उजवी बाजू गेली. मी पोचले तेव्हा ती दवाखान्यात होती, आणि तिचा तो गव्हले वळणारा हात चादरीवर दुसऱ्याच कुणाचा आणून ठेवल्यासारखा पडलेला होता. वाचा गेली नव्हती, ही देवाची कृपा. बोलायची हळू, शब्द जड यायचा, पण समजायचं. पाय हळूहळू थोडा धरायला लागला. हाताचं मात्र काही खरं नव्हतं. डॉक्टरांनी दाबायला स्पंजाचा चेंडू दिला होता, तो तिनं एकदा डाव्या हातानं असा भिरकावला की थेट मोरीत जाऊन पडला. स्वभाव आमच्या दोघींचा एकाच घरचा.

मोरी जवळ पडते म्हणून तिची कॉट मधल्या खोलीत हलवली होती. दिवसभर ती तिथं पाठीवर पडलेली असायची, वर छत आणि बाजूला तो माळा.

भाची मला एकदा म्हणाली, "मावशी, आईचे गव्हले आधीच झाले ते किती बरं झालं गं." मीही म्हटलं, व्हय बाई, बरंच झालं. घरात सगळ्यांना तेवढाच एक आधार होता. बाकी लग्नात काय कमी-जास्त व्हायचं ते होऊ दे, पोरीच्या तोंडात आईच्या हातचा घास पडणार होता.

लग्न अखेर कार्तिक संपता संपता आलं. आदल्या दिवशी दुपारी सामान कार्यालयात न्यायला टेम्पो यायचा होता. बहिणीला कुणीतरी न्हाऊ घालायला नेलं होतं, तेवढ्यात मी माळ्यावरून खोकी उतरवून पुढच्या खोलीत नेली. पहिलं खोकं खाली टेकवलं आणि कापडाखालून एक पाखरू उडालं. इवलंसं. सरळ उडायचं नाव नाही, इकडं तिकडं झोकांड्या खात गेलं आणि भिंतीवर बसलं. मी म्हटलं, असेल दिव्यावरचं. मग दुसरं उडालं. मग कापडावर कान ठेवला तर आत फडफड.

आईचा नेम, हळदकुंकू, सगळं आठवलं, आणि तरी मी गाठ सोडली. न सोडून करते काय?

बाई गं! चमकीच्या कागदाच्या आत माझी खारकांची नवरी होती आणि तिच्या डोक्यावर पाखरं बसली होती. काजूच्या कमळाच्या पाकळ्या पोखरलेल्या, पाकळी-पाकळीला जाळं, जाळ्यात भुगा. मोराची मान खाली पडलेली. मोर खाल्ला नव्हता फारसा, पण त्याच्या पिसाऱ्यातून पांढऱ्या अळ्या अशा निवांत फिरत होत्या, जसं काही त्यांनाच आहेर केलाय. कागदाला बारीक बारीक भोकं. मी एवढ्या जोरात ओरडले की भाची हातावरची ओली मेंदी सांभाळत धावत आली.

ती शेतकी कॉलेजात शिकलेली. तिनं वाकून बघितलं आणि ही बया हसायला लागली.

"मावशी, अगं हे अमेरिकेतलं पाखरू आहे. धान्याबरोबर जगभर पसरलं. आम्हाला अभ्यासाला होतं."

"अमेरिका सोडून माझ्याच रुखवतात यायला काय झालं हुतं त्याला?"

"आणि नावात इंडियन आहे त्याच्या. तिकडं मक्याच्या पिठाला 'इंडियन पीठ' म्हणायचे, त्यावरून ते नाव पडलं." मग तिनं एका पाखराजवळ बोट नेलं. "बघ ना, पुढचा भाग फिका आणि मागचा तांब्यासारखा. छान दिसतं की नाही?"

खोटं कशाला बोलू, दिसत होतं छान. पंख मिटून बसलं की अर्ध्या अंगावर साय आणि अर्ध्या अंगावर घासलेला तांब्या. पण त्या वेळी मला चप्पल सापडत नव्हती म्हणून ते वाचलं.

तिनं मला सगळं सांगितलं. खारकेत नाहीतर काजूत अंडी आधीपासूनच असणार, डोळ्याला दिसत पण नाहीत एवढी बारीक. मी कडक उन्हात वस्तू ठेवल्या नव्हत्या, कारण उन्हानं रंग उडतो. मग मीच वरून घट्ट कागद लावून त्यांना बंद घर करून दिलं, आणि पावसाळाभर कुणी गाठ सोडायची नाही म्हणून दम पण मीच दिला. अंड्यातून अळी निघते, खाते, जाळं विणते. पोट भरलं की ती अन्नाजवळ थांबत नाही. लांब निघते, भिंत चढते, कोपऱ्यात जाऊन कोष करते. मग पाखरू. पाखराला म्हणे खायचं कामच नसतं. जोडी जमवायची, अंडी घालायची आणि संपायचं.

"म्हणजे माझं कमळ पोरांनी खाल्लं," मी म्हटलं, "आईबाप उपाशीच."

यावर ती पुन्हा हसली, आणि हसता हसताच एकदम थांबली. आम्हा दोघींना एकाच वेळी आठवलं.

टोपली तिसऱ्या खोक्यात होती. मी त्याचं कापड सोडलं. वरून टोपली जशीच्या तशी दिसत होती, जरीची किनार, मोत्यांची झालर. कागद काढून मी चिमटीत गव्हले घ्यायला गेले तर चिमूट वर आलीच नाही, अख्खा थरच वर आला. सगळे गव्हले एकमेकांना जाळ्यानं बांधलेले, मधून अळ्या, खाली भुगा. मी चाळण आणली. चाळलं. पाखडलं. त्यातले निम्मे तरी वाचतील, मूठभर तरी वाचतील असं म्हणत मी पाखडत राहिले. सुपात राहिलं ते कुणाच्या ताटात वाढायच्या लायकीचं नव्हतं. नवरीच्या तर नाहीच.

भाची भिंतीला टेकून खाली बसली. मेंदीचे हात वर धरलेले, त्यामुळे डोळे पुसता येईनात. "मावशी," ती म्हणाली, "आईला सांगू नको."

मी माझ्या पदरानं तिचे डोळे पुसले. म्हटलं, न्हाई सांगत. संगमनेरात बचत गटाच्या बायका गव्हले विकतात, ते आणू, खीर करू, कोण बघायला बसलंय? पण बोलता बोलताच मला कळत होतं की मी थापा मारतेय. बहिणीनं खिरीची वाटी नुसती लांबून बघितली असती तरी तिनं ओळखलं असतं. आणि नसतं ओळखलं तरी? पोरीला तर माहीत होतंच ना! ती तो घास गिळणार कशी?

आत बहिणीला न्हाऊ घालून कॉटवर बसवलं होतं. पाठीला उशी, केस ओले. मी तोंडावर हसू आणून आत गेले आणि म्हटलं, "झालं बरं का, सगळं खाली घेतलं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "पाखरं निघाली ना?"

मी तिथंच खुर्चीवर बसले.

"तुला कुणी सांगितलं?"

तिनं डाव्या हातानं वर दाखवलं. मी पहिल्यांदा त्या छताकडे नीट बघितलं. माळ्याच्या वरच्या कोपऱ्यात, भिंत आणि छत मिळतात तिथं, ओळीनं बारीक बारीक पांढरे कोष. काही भरलेले, काही फुटलेले. एक पाखरू त्याच्याच शेजारी बसलेलं.

"पयली अळी आली तवा वाटलं वाळवी हाय," ती म्हणाली. एकेक शब्द जड, पण ती थांबेना. "मग रोज बघायची. माळ्यावरनं निघायची, भिंत चढायची. पडायची, परत चढायची. कोपऱ्यात जाऊन गुंडाळून घ्यायची. मी म्हनायची, आता ही मेली. तर काही दिसानी पाखरू. मला दुसरं काय हुतं बघायला, आक्का? तुमी समदे कामात. मी आन ती."

"अगं मग बोलली का न्हाईस? तेव्हाच सोडलं असतं सगळं!"

"तूच म्हनालीस, कुनी हात लावायचा न्हाई." आणि मग खाली बघत, "आन सांगून काय? माझ्यानं काय परत वळून हुनार हुतं?"

हे ऐकलं आणि माझा बांध फुटला. मी रडले, दारात उभी राहून भाची रडली. बहीण तेवढी रडली नाही. ती आमच्याकडे बघत होती आणि तिच्या कपाळाला आठी पडत चालली होती. ती आठी मी लहानपणापासून ओळखते. म्हणाली, "झालं का दोघींचं? रवा भिजव जा."

मी रवा भिजवला. दुधाचा हात लावून घट्ट मळला आणि परात तिच्या मांडीवर ठेवली. तिनं डाव्या हातानं गोळी काढून उजव्या हाताच्या बोटांत ठेवली. अंगठा हललाच नाही. गोळी पडली. पुन्हा ठेवली, पुन्हा पडली. मला ते बघवेना. मी हात पुढं केला तर ती खेकसली, "हात लावू नगं! तुझे शेंगदाणे हुत्यात."

भाची रडता रडता फिस्सकन हसली. मलाही राग आला आणि हसू पण आलं.

मग तिनं डाव्या हातानं वळून बघितलं. नुसत्या डाव्यानं जमत होतं तसं थोडं, पण तिला ते पटेना. शेवटी तिनं काय केलं, गोळी उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि बोटात धरवली, आणि त्या अंगठ्याला वरून डाव्या हातानं धरलं आणि फिरवलं. उजवा हात नुसता गेलेला, आणि डावा त्याला लहान पोराला शिकवावं तसा शिकवतोय. गव्हला ताटात पडला. हरभऱ्याच्या डाळीएवढा, एका बाजूनं चपटा.

मी आयुष्यात एवढा वेडावाकडा गव्हला बघितला नव्हता. आणि मला एवढं बरं पण कधी वाटलं नव्हतं.

टेम्पो आला, थांबला, हॉर्न वाजवला. मी बाहेर जाऊन त्याला सांगितलं, बाकीचं सामान ने, ओरडू नको. आत ती वळत होती. मधेच थकून डोळे मिटायची, मधेच बोटावर चिडायची. भाची मेंदीचे हात वर धरून शेजारी बसली होती आणि एकेक गव्हला ताटात पडला की मान हलवायची. एकदा, अगदी एकदाच, डाव्या हातानं धरायच्या आधीच उजवा अंगठा आपला आपण जरासा सरकला. आम्ही तिघींनी ते बघितलं. मी घाईनं दुसरीकडं बघितलं. नजर लागायची भीती.

संध्याकाळपर्यंत वाटीच्या तळाशी बसतील एवढे झाले. मी ते ताटात पसरून पंख्याखाली वाळत ठेवले, आणि ताटावर मलमलचं फडकं टाकून चार कोपऱ्यांना वाट्या दाबून ठेवल्या, न जाणो अमेरिकेहून आणखी कुणी यायचं.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात मी रुखवत मांडलं, म्हणजे मांडायला राहिलं होतं ते. सुपारीचा गणपती बचावला होता, तो मधोमध ठेवला. बाजूला स्टीलचे डबे, तांब्या-पेला, भाचीनं भरलेल्या उशा. येणाऱ्या बायका बघून एकमेकींकडे बघायच्या. मुलाची आई आली, तिनंही नजर फिरवली. मला वाटलं, आता ही काही बोलली ना, तर मी पाहुणी-बिहुणी बघणार नाही. ती म्हणाली, "बरं केलंत. आमच्या थोरलीच्या रुखवतातले काजू नंतर अळ्या पडून फेकले." मला त्या बाईला मिठी मारावीशी वाटली. मारली नाही, पण चहा दोनदा पाठवला.

लग्न लागलं. अक्षता पडल्या, गडबड झाली. मी खिरीच्या दोन वाट्या घेऊन गेले. गव्हले तुपात परतले होते, दुधात किती वेळ शिजवले होते, पण एवढ्या जाड गोळ्या त्या, आतपर्यंत शिजतात कुठल्या! दुधात चरे पडलेल्या गोट्या तरंगत होत्या. बहीण स्टेजजवळ खुर्चीवर बसली होती, नवी साडी, उजवा हात मांडीवर नीट ठेवलेला. तिची नजर नवरदेवाकडे नव्हती, फोटोवाल्याकडे नव्हती. पोरीच्या तोंडाकडे होती.

जावयानं घास घेतला, जरा चावला, काय आहे कळेना म्हणून गिळून टाकला. भाचीनं घास घेतला. चावत राहिली. दाताखाली कच्चा रवा लागत असणार, मला तो उभ्या जागी ऐकू येत होता.

"शिजलेत का गं?" बहिणीनं खालून विचारलं.

"न्हाई आई," भाची म्हणाली. कॉलेजात गेल्यापासून तिनं 'न्हाई' म्हणायचं सोडलं होतं. "कच्चेच राहिलेत." आणि तिनं सगळी वाटी संपवली, नवऱ्याच्या वाटीतलं राहिलेलं पण संपवलं, आणि रिकामी वाटी माझ्यापुढं धरली. "अजून हायत का?"

मी वाटी घेतली. डोळ्यांपुढं सगळा मांडव पाण्यात गेला. इतके महिने छातीवर बसलेलं ओझं कुणीतरी एका झटक्यात उचलून बाजूला ठेवलं होतं, आणि मी वाटी हातात घेऊन सगळ्या पाहुण्यांसमोर हमसून हमसून रडत होते.

खालून बहिणीचा आवाज आला, जड, पण चांगला खणखणीत.

"आक्का, रडतीस काय? वाढ की."